एमबीए की इकॉनॉमिक्समध्ये मास्टर्स: प्राइसिंगमध्ये काम करणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

हे प्रकरण तिला विचारून लिहितेय, नाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी घडलं तसं. मुलगी २६ वर्षांची, स्टॅटिस्टिक्स घेऊन ग्रॅज्युएट झालेली, ४ वर्षांपासून एका मोठ्या रिटेल कंपनीच्या प्राइसिंग टीममध्ये. तिचं काम म्हणजे कुठल्या वस्तूची किंमत किती ठेवायची, सूट कधी द्यायची, आणि सूट दिल्यावर विक्री खरंच वाढली की पुढच्या महिन्यातलंच गिऱ्हाईक या महिन्यात येऊन गेलं, हे आकड्यांवरून सांगणं. काम चोख आहे, वरचे लोक खूश आहेत, पण पुढच्या पोस्टसाठी मास्टर्स लागेलच असं तिला तोंडावर सांगितलं गेलं होतं. मग कुठलं मास्टर्स, इथे सगळं अडलं.

तिचा मॅनेजर स्वतः एमबीए. त्याचं म्हणणं, या कंपनीत निर्णयावर सही करणारा एक तरी माणूस दाखव जो एमबीए नाही, मग बोलू. कॉलेजमधले तिचे सर म्हणत होते इकॉनॉमिक्स कर, तुझं डोकं तिकडे चालतं, जमलं तर पुढे पीएचडी कर. घरच्यांना दोन्हीतला फरक फारसा माहीत नव्हता, पण एमबीए म्हटलं की नोकरी पक्की एवढं ऐकून होते त्यामुळे त्यांचं वजन तिकडे.

सल्ला विचारायला माझ्याकडे आली तेव्हा सोबत एक एक्सेल शीट होती. फी, कालावधी, रँकिंग, पास झाल्यावरचा सरासरी पगार, देश, सगळ्याला वजनं देऊन बेरीज केलेली आणि एमबीए जेमतेम दोन गुणांनी पुढे. मी फक्त रँकिंगचं वजन थोडं कमी करून बघ म्हटलं, लगेच इकॉनॉमिक्स पुढे गेलं. तिच्याही लक्षात आलं की ही शीट आपल्याला काही सांगत नाहीये, आपणच तिला सांगतोय. शिवाय त्या शीटमध्ये एक रकाना नव्हताच, तो म्हणजे तिथे जाऊन रोज काय करायचं.

माझा कल आधीच सांगते म्हणजे वाचणाऱ्याला त्या हिशोबाने वाचता येईल. मी इकॉनॉमिक्समध्ये मास्टर्स केलं आणि नंतरची सगळी नोकरी कंपन्यांमध्ये एमबीए झालेल्या लोकांसोबत केली. त्यांच्यातल्या चांगल्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे, अर्धवट माहितीवर निर्णय घेऊन तो दहा जणांकडून करून घेणं हे सोपं काम नाही, आणि ते मला त्यांच्याइतकं येत नाही.

रोज काय करायचं

इकॉनॉमिक्सच्या ग्रॅज्युएट कोर्सबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हा की तिथे महागाई, बजेट, व्याजदर यावर चर्चा चालतात. पहिल्या वर्षी असं जवळपास काहीच होत नाही. मायक्रो (एकेक ग्राहक, कंपनी, बाजार), मॅक्रो (सगळी अर्थव्यवस्था) आणि इकॉनॉमेट्रिक्स (आकड्यांवरून आर्थिक संबंध मोजणं), हे तीन विषय आणि त्यांचे प्रॉब्लेम सेट्स. मायक्रो सुरू होतं अगदी साध्या गोष्टीपासून, ग्राहकाकडे ठराविक पैसे आहेत आणि त्याला त्यातून जास्तीत जास्त समाधान हवंय, पण थोड्याच आठवड्यांत तुम्ही लग्रांज मल्टिप्लायर (मर्यादेत राहून कमाल शोधायची गणिती रीत), मग ड्युअॅलिटी (तोच प्रश्न उलट्या बाजूने सोडवणं), आणि मग सगळ्या बाजारांत एकाच वेळी मागणी पुरवठा जुळेल अशा किमती मुळात अस्तित्वात असतात का हे सिद्ध करत बसलेले असता, जे अॅरो आणि डेब्रू या अर्थशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये फिक्स्ड पॉइंट थिअरम हा गणितातला सिद्धांत वापरून दाखवलं होतं. मॅक्रोमध्ये डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, बेलमन इक्वेशन, म्हणजे आजचा निर्णय पुढचा विचार धरून घ्यायचं गणित. इकॉनॉमेट्रिक्समध्ये रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मांडायची पद्धत) कधी खरं बोलतं आणि कधी फसवतं. उत्तर म्हणजे बहुतेक वेळा एखादा आकडा नसतो, सिद्धता असते. वर्तमानपत्रातली अर्थविषयक पानं आवडीने वाचणारी कितीतरी मुलं इथे पहिल्या सेमिस्टरमध्ये हबकतात, आणि त्यात त्यांची चूक नसते, कुणी त्यांना आधी सांगितलेलंच नसतं.

एमबीएचं पहिलं वर्ष म्हणजे अकाउंटिंग, फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, स्ट्रॅटेजी, माणसं आणि संघटना कशा वागतात याचा एक विषय, आणि हो, मॅनेजरियल इकॉनॉमिक्सचाही एक कोर्स. हार्वर्डसारख्या ठिकाणी बहुतेक शिकवणं केस मेथडने चालतं, म्हणजे एका कंपनीची खरी परिस्थिती वाचून यायचं, माहिती अपुरी असतेच, तरी वर्गात उभं राहून मी असं करेन हे सांगायचं आणि बाकीच्यांनी ते फोडायचा प्रयत्न केला की टिकून राहायचं. वर्गात बोलण्याला मार्कांत मोठा वाटा असतो. गटात काम सतत. आणि एक गोष्ट जी ब्रोशरमध्ये ठळक दिसत नाही, दोन वर्षांच्या कोर्समध्ये कंपन्यांची भरती पहिल्या वर्षीच सुरू होते कारण मधल्या सुट्टीतली इंटर्नशिप हाच पुष्कळदा नोकरीचा रस्ता असतो. म्हणजे मला काय आवडतं ते एमबीए करताना शोधेन असं ठरवून गेलेल्या माणसाकडे शोधायला खूप कमी वेळ असतो, जो आधीच ठरवून आलाय त्याला कोर्सचा फायदा जास्त.

प्रवेशाच्या अपेक्षाही वेगळ्या. एमबीएवाले कामाचा अनुभव बघतात, तिथे तिची ४ वर्षं सोन्यासारखी. इकॉनॉमिक्सवाले, विशेषतः पीएचडी डोळ्यासमोर असेल तर, गणित बघतात, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, प्रॉबॅबिलिटी, आणि जमलं तर रिअल अॅनालिसिस (कॅल्क्युलसच्या मुळाशी असलेल्या सिद्धता), शिवाय रिसर्च करणाऱ्या लोकांची शिफारसपत्रं. तिथे तिच्या नोकरीला फारशी किंमत नाही, तिच्या मॅनेजरच्या कौतुकाच्या पत्राला तर त्याहून कमी.

राग कशाचा आला

मी तिला डिग्रीबद्दल काहीच विचारलं नाही. म्हटलं, गेल्या वर्षभरात ऑफिसमध्ये तुला मनापासून राग आला असे दोन प्रसंग सांग. मला वाटतं आवड विचारली की लोक छान उत्तरं देतात, राग विचारला की खरी देतात.

पहिला प्रसंग असा. एका वस्तूची किंमत वाढवली, विक्री घसरली, मीटिंगमध्ये एका सिनिअरने स्लाइड दाखवून निष्कर्ष काढला की किंमत वाढवल्याने इतके टक्के गिऱ्हाईक गेलं. पण त्याच आठवड्यांत समोरच्या स्पर्धकाने मोठी सूट लावली होती आणि सीझनही संपत आला होता. ती म्हणाली, ताई, तिन्ही गोष्टी एकदम झाल्या तर दोष एकट्या किमतीला कसा देता येईल? तिने मीटिंगमध्ये हे मांडलं, कुणी फार लक्ष दिलं नाही. घरी गेली आणि रात्री उशिरापर्यंत डेटा उकरत बसली, पुढचा पूर्ण शनिवार रविवारसुद्धा. शेवटी तिला एक वाट सापडली. लांबच्या काही दुकानांत किंमत वाढली होती ती फक्त तिकडचा वाहतूक खर्च वाढला म्हणून, गिऱ्हाइकाची मागणी वाढली म्हणून नाही. त्या दुकानांत किंमत हलली, पण हलवणारी गोष्ट गिऱ्हाइकाच्या मनाशी संबंधित नव्हती. मग तेवढाच भाग वापरून तिने अंदाज काढला आणि तो स्लाइडवरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी आला.

सरांना दाखवलं तर ते म्हणाले, अगं याला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतात. तिला माहीतच नव्हतं. ही कल्पना फिलिप राइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये वनस्पती आणि प्राण्यांपासून मिळणाऱ्या तेलांवरच्या आयात कराचा अभ्यास करताना मांडली. किंमत आणि विक्री दोन्ही एकमेकांना ओढतात त्यामुळे नुसत्या आकड्यांतून मागणीची रेषा दिसत नाही, ती दिसायला पुरवठा हलवणारी पण मागणीला हात न लावणारी एखादी गोष्ट शोधावी लागते, उदाहरणार्थ पिकाचं एकरी उत्पन्न. राइट यांना एकरी उत्पन्न आणि हिला वाहतूक खर्च, विचार तोच. नाव न कळता ही मुलगी तिथे पोचली होती, आणि मला आजही या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते.

दुसरा प्रसंग. तिने एक स्वच्छ प्रयोग केला होता, काही दुकानं चिठ्ठ्या टाकून निवडली, तिथे सूट बंद केली, बाकीच्यांत चालू ठेवली. निकाल स्पष्ट, सूट बंद केली तरी विक्रीला फारसा धक्का नाही आणि नफा वाढतो. तरी निर्णय झालाच नाही. का, तर सेल्स टीमचा बोनस विकलेल्या नगांवर होता, नफ्यावर नाही, त्यामुळे सूट काढायला ते तयारच होईनात आणि त्यांना समजावून, बोनसची पद्धत बदलून, हे तडीला नेणारं कुणी पुढे आलं नाही. तिला राग आला. दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटली. मग विसरली.

मी एवढंच विचारलं की पहिल्या रागानंतर तू काय केलंस आणि दुसऱ्या रागानंतर काय केलंस. ती बराच वेळ काही बोलली नाही.

दुसऱ्या प्रसंगानंतर एखादी मुलगी सेल्सच्या लोकांना जाऊन भेटली असती, बोनसचा नवा हिशोब मांडून दिला असता, फायनान्समधल्या कुणाला तरी आपल्या बाजूला ओढलं असतं. तसं तिने केलं असतं, किंवा करावंसं तिला नुसतं वाटलं जरी असतं, तर मी डोळे झाकून एमबीए म्हटलं असतं, कारण एमबीए शिकवतं ते हेच. उत्तर हातात असताना ते अमलात आणणं हा एक स्वतंत्र धंदा आहे, आणि खूप मोठ्या किमतीचा आहे.

पैशाचं गणित, जरा नीट

पैशाचा विषय बाजूला ठेवायचा नाही असं मी तिला आधीच सांगितलं होतं. तिच्या शीटमध्ये एक चूक होती जी जवळपास प्रत्येकजण करतो. ती डिग्रीनंतरच्या पगाराची तुलना आजच्या पगाराशी करत होती. पण डिग्री केली नाही तरी दोन वर्षांनी तिचा पगार आजचाच थोडी राहणार आहे?

तिचा आजचा वर्षाचा पगार १ धरू. तिने स्वतः चौकशी करून काढलेले आकडे असे: दोन वर्षांच्या एमबीएची फी २.५, बुडालेला पगार २, एकूण ४.५. नंतरचा पगार २.२ धरला. आजच्या पगाराशी तुलना केली तर वर्षाला १.२ जास्त, म्हणजे पावणेचार वर्षांत पैसे वसूल. पण तिला दरवर्षी साधारण १५ टक्के वाढ मिळत होती, त्यामुळे काहीही न करता ती दोन वर्षांनी १.३ वर असती. खरा फरक ०.९, वसुलीला ५ वर्षं. दोन वर्षांचं इकॉनॉमिक्स: फी ०.७, बुडालेला पगार २, एकूण २.७, नंतरचा पगार १.६, खरा फरक फक्त ०.३, म्हणजे वसुलीला ९ वर्षं! एक वर्षाचं इकॉनॉमिक्स: फी १.२, बुडालेला पगार १, एकूण २.२, नंतरचा पगार तोच १.६, वर्षभराने ती तशीही १.१५ वर असती म्हणून फरक ०.४५, वसुलीला साधारण ५ वर्षं, म्हणजे एमबीएइतकीच.

हे बघून तिचा चेहरा उतरला. यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही आणि पहिल्या पगारावरून पुढची सगळी वर्षं ठरत नाहीत हेही खरं, पण दिशा चुकीची नव्हती. निव्वळ पैशात, म्हणजे वसुलीनंतरही दरवर्षी मिळणारा फरक बघितला तर तिच्या परिस्थितीत एमबीए पुढे होतं आणि हे स्वच्छ मान्य करूनच पुढचा विचार करायचा होता.

फक्त २.२ या आकड्याबद्दल सावध राहा असं मी म्हटलं. कॉलेजं जो सरासरी पगार छापतात तो तिथे गेलेल्यांचा असतो, आणि तिथे जाणारे लोक मुळातच निवडून घेतलेले असतात, त्यातल्या अनेकांचा पगार कॉलेज न करताही वाढलाच असता. तिने ज्या चुकीवरून मीटिंगमध्ये भांडण केलं तीच चूक इथे आहे. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये छापलेला अभ्यास पदवीच्या कॉलेजांबद्दलचा होता, पण मुद्दा लागू पडतो: सारख्याच नामांकित कॉलेजांनी घ्यायला तयारी दाखवलेली मुलं घेतली, काही तिथे गेली, काही कमी नावाच्या ठिकाणी गेली, तर पुढच्या कमाईत बहुतेकांच्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही, गरीब घरातल्या मुलांना मात्र नामांकित ठिकाणी जाण्याचा फायदा झाला. हे ऐकून तिचे डोळे चमकले, आणि ते मी मनात नोंदवून ठेवलं. पगाराच्या आकड्याने चेहरा पडतो आणि तो आकडा कसा काढला यावर डोळे चमकतात, हे कुठल्या बाजूचं लक्षण आहे ते सांगायला नको.

डिग्री कौशल्य देते की नुसता शिक्का देते हा वाद इकॉनॉमिक्समध्ये जुनाच आहे, गॅरी बेकर यांचं ह्युमन कॅपिटलवरचं काम १९६४ चं, मायकल स्पेन्स यांनी सिग्नलिंगची मांडणी केली १९७३ मध्ये, दोघांनाही नोबेल मिळालं. माझं मत, दोन्ही डिग्र्यांत दोन्ही असतं, पण एमबीएमध्ये शिक्का आणि ओळखी यांचा वाटा जास्त, त्यामुळे तिथे कॉलेजच्या नावाला अवाच्या सवा महत्त्व येतं. मधल्या फळीतल्या कॉलेजातून भरमसाठ फी भरून एमबीए करण्याबद्दल मी तिला फार कडक शब्दांत नको म्हटलं होतं.

चाखून बघणं

ठरवण्याआधी दोन्ही कामं थोडी थोडी करून बघायची असं आम्ही ठरवलं, नोकरी न सोडता, तीन महिने.

इकॉनॉमिक्सच्या बाजूने तिने दोन गोष्टी घेतल्या. एक, रिअल अॅनालिसिसचा ऑनलाइन कोर्स, रोज सकाळी, एप्सिलॉन डेल्टा, म्हणजे लिमिटच्या काटेकोर व्याख्येपासून. दुसरी, एक छापून आलेला रिसर्च पेपर घेऊन त्यातले आकडे स्वतः पुन्हा काढायचे. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या जर्नल्समध्ये पेपरसोबत डेटा आणि कोड ठेवावा लागतो, अपवाद सोडले तर कुणालाही तो उतरवून घेता येतो, त्यामुळे हे करून बघायला कुठल्याही विद्यापीठात असायची गरज नाही. मला वाटतं इकॉनॉमिक्सला जायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाने अर्ज भरायच्या आधी हे एकदा करावंच.

निकाल सरळ आला नाही. सिद्धता जमत होत्या पण हळू, आणि प्रेम वगैरे काही बसलं नाही. पेपरवर मात्र तिने झोप उडवून काम केलं. टेबल तीनमधला एक आकडा जुळेना, दोन आठवडे त्यामागे, शेवटी कळलं की लेखकांनी काही नोंदी गाळल्या होत्या आणि ते तळटीपेत लिहिलेलं होतं. फोन केला तेव्हा ती इतक्या वेगाने बोलत होती की मला अर्धं कळलं नाही.

एमबीएच्या बाजूने तिने मॅनेजरकडून एक छोटं लाँच मागून घेतलं, नवीन वस्तूंची एक रांग दुकानांत आणायची, सेल्स, गोदाम, पुरवठादार, जाहिरात, सगळ्यांशी बोलून तारीख पाळायची. तिने ते उत्तम केलं. तारखेला माल दुकानात, वरून शाबासकी, मॅनेजर म्हणाला बघ मी सांगत होतो. मी विचारलं पुढचं लाँच घेशील का, तर म्हणाली, सांगितलं तर करेन. त्या तीन शब्दांत मला जे ऐकायचं होतं ते होतं. जमतं म्हणून त्याच रस्त्याला लागलेली खूप माणसं मी बघितलीत आणि पंधरा वर्षांनी त्यांना त्यातून बाहेर पडणं फार जड जातं.

मधली वाट, जी कुणी सांगितली नव्हती

एवढं झाल्यावर तिच्या सरांनी आणि मी मिळून तिला एक गोष्ट दाखवली जिच्यामुळे सगळं चित्र बदललं. ती समजत होती की इकॉनॉमिक्स म्हणजे रिसर्च आणि बिझनेस स्कूल म्हणजे मॅनेजमेंट. प्रत्यक्षात बिझनेस स्कूलमध्ये भरपूर इकॉनॉमिस्ट आहेत. सुरुवातीला ही स्कूल्स खरंच व्यवहार शिकवणारी होती, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचं टक स्कूल १९०० मध्ये सुरू झालं, हार्वर्डचं १९०८ मध्ये, पण १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांच्या पैशाने झालेल्या दोन अहवालांनी इथे रिसर्च कमी आणि पातळी हलकी अशी कडक टीका केली, त्यानंतर गणित, स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनॉमिक्सवाले तिकडे मोठ्या प्रमाणावर घेतले गेले. आज अनेक बिझनेस स्कूल्स बिझनेस इकॉनॉमिक्समध्ये किंवा क्वांटिटेटिव्ह मार्केटिंगमध्ये पीएचडी देतात, त्या पीएचडीचा एमबीएशी काही संबंध नाही.

आणि क्वांटिटेटिव्ह मार्केटिंगवाले करतात काय? किमती, सूट, जाहिरात यांचा मागणीवर परिणाम मोजतात! मोटारींच्या बाजारावर १९९५ मध्ये बेरी, लेव्हिनसन आणि पेक्स यांनी मागणी मोजायची जी पद्धत दिली ती इकॉनॉमिक्सच्या इंडस्ट्रिअल ऑर्गनायझेशनमध्ये (कंपन्या आणि त्यांच्यातली स्पर्धा अभ्यासणारी शाखा) शिकवतात तशीच मार्केटिंगच्या पीएचडीतही शिकवतात. म्हणजे तिचा आवडता प्रश्न दोन्ही इमारतींत आहे. रेषा इकॉनॉमिक्स आणि बिझनेस यांच्यामध्ये नव्हतीच, ती होती मोजणं आणि चालवणं यांच्यामध्ये, आणि तिचा पाय कुठल्या बाजूला आहे हे आता तिला पक्कं माहीत होतं.

मॅनेजरच्या मुद्द्याचं काय, सही करणारे सगळे एमबीए? तो त्या कंपनीपुरता बरोबर होता आणि मी तिला ते खोडून दाखवायचा प्रयत्न केला नाही. गूगलमध्ये हॅल व्हेरिअन कितीतरी वर्षं चीफ इकॉनॉमिस्ट होते, अॅमेझॉनमध्ये इकॉनॉमिस्टांची मोठी फौज आहे, पण तिथे इकॉनॉमिस्ट म्हणून घेतात ते बहुतेक पीएचडी झालेल्यांना. नुसत्या मास्टर्सवर डेटा सायंटिस्ट, अॅनॅलिस्ट, स्पर्धा कायद्याच्या खटल्यांसाठी आकडेमोड करणाऱ्या कन्सल्टिंग फर्म्स अशी कामं मिळतात, चांगली असतात, पण वर एक छत असतं. हे तिला माहीत असायला हवं होतं आणि आता माहीत आहे.

निर्णय आणि त्यातली एक अडचण

तिने इकॉनॉमिक्स निवडलं, इकॉनॉमेट्रिक्सवर भर असलेला कोर्स. एक कारण तर वर आलंच. दुसरं कारण क्रमाचं होतं. एमबीए पस्तिशीत, चाळिशीतही करता येतं, पार्ट टाइम आहे, एक्झिक्युटिव्ह आहे, इनसीअॅड या बिझनेस स्कूलसारख्या ठिकाणी पूर्ण वेळ कोर्ससुद्धा १० महिन्यांचा आहे, आणि अनुभव वाढला की तिथे किंमत वाढते. इकॉनॉमिक्सचं उलट, गणित विसरत जातं, शिफारसपत्र देणारे प्रोफेसर तुम्हाला विसरत जातात. आधी एमबीए आणि मग इकॉनॉमिक्सची पीएचडी हा रस्ता मी फार कमी लोकांना चालताना बघितलाय.

अडचण आली ती एक वर्षाचं की दोन वर्षांचं यावर. पैशात एक वर्षाचं कितीतरी स्वस्त, हे वर दिसलंच. तिने जवळजवळ तेच ठरवलं होतं. पण कॅलेंडर मांडून बघितलं तेव्हा घोळ लक्षात आला. असा कोर्स सप्टेंबरच्या आसपास सुरू होतो आणि अमेरिकेतल्या बऱ्याच पीएचडींचे अर्ज डिसेंबरमध्ये बंद होतात. म्हणजे अर्ज करायची वेळ येईल तेव्हा पहिल्या सत्राचा निकालही हातात नसेल आणि जे प्रोफेसर पत्र देणार ते तिला जेमतेम तीन महिने ओळखत असतील. नाहीतर मग कोर्स संपल्यावर एक दोन वर्षं एखाद्या प्रोफेसरकडे रिसर्च असिस्टंट म्हणून, ज्याला आता प्रीडॉक म्हणतात, तसं काढायचं आणि मग अर्ज. पीएचडी नक्की करायचीच नाही असं ठरलं असतं तर एक वर्षाचं निःसंशय बरं. तिला ते दार उघडं ठेवायचं होतं. शेवटी तिने दोन वर्षांचा घेतला, दुसऱ्या वर्षी टीचिंग असिस्टंटशिप मिळाली तर फी माफ होते असा, म्हणजे तेवढा भार कमी. वसुलीची वर्षं तरीही एमबीएपेक्षा जास्तच, आणि तिने तो आकडा घरच्यांसमोर लपवला नाही, कागदावर मांडून दाखवला. वडिलांनी एकच विचारलं, पीएचडी नाही मिळाली तर? तिने सांगितलं, तर डेटा सायन्सची नोकरी, पगार अमुक, आणि पस्तिशीतही एमबीएचा पर्याय शिल्लक. त्यावर ते तयार झाले.

अर्जाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट, गोंधळात असलेल्या कुणालाही उपयोगी पडेल. तिने जीमॅट ही बिझनेस स्कूलच्या प्रवेशाची परीक्षा न देता जीआरई ही सर्वसाधारण प्रवेश परीक्षा दिली होती, बहुतेक एमबीए प्रोग्रॅम्स जीआरई चालवून घेतात पण इकॉनॉमिक्सवाले परीक्षा मागतात तेव्हा सहसा जीआरईच मागतात, आणि स्कोअर ५ वर्षं चालतो, त्यामुळे निर्णय व्हायच्या आधीच परीक्षेचा अभ्यास सुरू करता आला आणि तीन महिने वाया गेले नाहीत. अर्जातल्या निबंधात तिने वाहतूक खर्चवाली गोष्ट लिहिली, कंपनीचा एकही आकडा न देता, फक्त अडचण काय होती, कुठली तुलना फसवी होती आणि कुठली विश्वासार्ह, एवढंच. सरांच्या मते प्रवेश त्या निबंधाने दिला.

मॅनेजर नाराज झाला पण त्याने दोन वर्षांची बिनपगारी रजा मंजूर करून घ्यायचा प्रयत्न चालवलाय, निर्णय अजून वरून आलेला नाही. ती सध्या लिनिअर अल्जेब्रा पुन्हा करतेय, आणि सूट बंद करण्याच्या त्या प्रयोगाचा अहवाल नीट लिहून सेल्सच्या प्रमुखाला देऊन जा असं मी तिला सांगितलंय, कारण तो निकाल बरोबर होता आणि ती गेल्यावर तो मांडायला तिथे कुणी नसेल.